बहीण म्हणा, पण हिशेबही द्या

मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीला शहराची धास्ती होती. शहर म्हणजे नाच, सिनेमा, दागिने, दारू, मंडळीबाहेरची लग्नं आणि पुढच्या पिढीच्या तोंडून गेलेली जर्मन भाषा. त्यापेक्षा शेती धरून गावात आपापल्या माणसांत राहिलेलं बरं, असा शेकडो वर्षांचा शिरस्ता. तरी १९२३ ते १९३० या वर्षांत रशियातून २० हजारांहून जास्त मेनोनाइट कॅनडात उतरले, तेव्हा त्यांनी शहरात आधी कुणाला पाठवलं? आपल्या बिनलग्नाच्या मुलींना. पुरुष शेतावर आणि मुली शहरात, लोकांच्या घरी धुण्याभांड्याला.

या मुलींच्या पाठीशी उभं राहायला मंडळीने शहरात ज्यांना नेमलं, त्याही बहुतेक बिनलग्नाच्या बायकाच होत्या. मंडळीच्या जर्मनमध्ये त्यांना ‘श्वेस्टर’ म्हणत, म्हणजे बहीण. हा शब्द प्रेमळ आहे तसाच फार सोयीचाही आहे. बहिणीशी पगाराची बोली करायची नसते, बहिणीला हुद्दा लागत नाही आणि घरातल्या मोठ्या निर्णयाच्या वेळी बहीण स्वयंपाकघरात असते. मेनोनाइटांचं शहरातलं मिशनकार्य या बायकांच्या हातांवर चाललं, हे आज कुणी नाकारत नाही. शताब्दीच्या भाषणांत त्यांचं कौतुक होतं, फोटो लागतात. माझा आक्षेप त्या कौतुकालाच आहे. ज्या ऋणाचा लेखी हिशेब व्हायला हवा होता ते आभार मानून फेडल्यासारखं दाखवलं जातं, आणि सेवाभावाच्या नावाखाली बायकांना राबवून घ्यायची ती रीत त्यामुळे आजही सुरक्षित राहते.

थोडी पार्श्वभूमी लागेल. हा पंथ १५२५ साली झुरिकमध्ये सुरू झाला. बाप्तिस्मा कळत्या वयात आणि स्वतःच्या इच्छेने घ्यायचा, शस्त्र उचलायचं नाही, शपथ घ्यायची नाही, ही त्यांची शिकवण. झुरिकच्या नगरसभेने जानेवारी १५२७ मध्ये फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारलं. १५३६ साली कॅथलिक धर्मगुरूपद सोडून या लोकांत आलेल्या मेनो सिमन्स यांच्यावरून पुढे पंथाला नाव पडलं. शहरांतून हाकलले गेलेले हे लोक पेनसिल्व्हेनियात, पुढे युक्रेनच्या गवताळ मैदानांत, उत्तम शेतकरी झाले. शहराबद्दलची त्यांची अढी अशी जुन्या जखमेतून आली होती. म्हणून १८९३ साली शिकागोत त्यांचं पहिलं शहर-मिशन उघडलं तेव्हा गावाकडच्या अनेकांना ती आगळीक वाटली. १८९९ साली फिलाडेल्फियात मिशन सुरू झालं. ते उभं करणाऱ्या दोघी होत्या, मेरी डेनलिंगर आणि अमांडा मसलमन.

शहर-मिशन म्हणजे नेमकं काय, हे समजल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. कष्टकऱ्यांच्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं. खाली रस्त्याच्या बाजूला सभेची खोली, वर किंवा मागे राहायची जागा. रविवारी शब्बाथ शाळा आणि उपासना. आठवड्यात घरोघर भेटी, मुलींचा शिवणवर्ग, आयांची बैठक, कपडेवाटप. शिकागोत शिवाय दवाखाना होता, तो डॉ. विल्यम पेज चालवत. उन्हाळ्यात वस्तीतल्या मुलांना काही दिवस गावाकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवायचं. या यादीतल्या किती गोष्टींना पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, लागतो ते मोजा. एक, रविवारचं प्रवचन. बाकी सगळं बायकांच्या वाट्याचं.

आणि ते ‘बाकी सगळं’ कौशल्याचं काम आहे. शिवणवर्गच घ्या. आधी धावदोरा, मग तुरपाई, मग ठिगळ, शेवटी काजं, हा क्रम मोडता येत नाही. पण वस्तीतली मुलगी सलग चार शनिवार येईल याचा भरवसा नसतो, घरी लहान भावंड असतं. म्हणून प्रत्येकीचं अर्धवट काम नाव घातलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवावं लागतं, नाहीतर गैरहजर मुलगी परत येते तेव्हा तिचा तुकडा दुसरीने संपवलेला असतो आणि ती कायमची तुटते. वर्ग सुटताना सुया मोजून घ्यायच्या. तयार कपडा मुलीला घरी नेता आला तरच तिची आई तिला पुन्हा पाठवते.

कपडेवाटप त्याहून नाजूक. गावोगावच्या बायकांची शिवणमंडळं कपडे, चादरी आणि गाठी मारलेल्या जाड गोधड्या पाठवायची. गावाकडून येणाऱ्या गठ्ठ्यात काय असेल ते पाठवणारीच्या घरात काय उरलं यावर ठरतं. लहान मुलांचे सदरे ढीगभर निघतात आणि बारा वर्षांच्या मुलाच्या मापाची विजार एकही नसते. सरसकट फुकट वाटलं की दारात रेटारेटी होते, धीट माणूस दोनदा नेतो आणि खरी गरजवंत विधवा लाजून येतच नाही. त्यामुळे आधी घरी जाऊन पाहायचं, मापं लिहून आणायची, मग ज्याचं त्याला गुपचूप पोचवायचं. म्हणजे कपडेवाटपाचं खरं काम गठ्ठा फोडण्याच्या आधीच्या आठवड्यात, जिने चढण्यात झालेलं असतं. आज ज्याला केसवर्क म्हणतात आणि ज्याची पदवी मिळते, ते हेच काम. त्या काळी त्याला भेटी देणं म्हणायचे.

शिकागोत सुपरिंटेंडेंट बदलत गेले. एमा ओयर मात्र १९०७ पासून जवळपास चार दशकं तिथे राहिल्या. कोणत्या घरातला बाप दारू पितो, कोणती मुलगी शाळा सोडून कारखान्यात लागली, ही माहिती वहीत असते त्यापेक्षा जास्त अशा बाईच्या डोक्यात असते. सुपरिंटेंडेंट येतो तेव्हा तीच त्याला वस्ती शिकवते. तो चार-सहा वर्षांनी वर चढतो किंवा दुसरीकडे जातो, ती पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवते. कुठल्याही कचेरीत अशा माणसाला ज्येष्ठ अधिकारी म्हटलं असतं.

आता कॅनडातलं विनिपेग. या सगळ्या गोष्टीची सर्वांत स्पष्ट बाजू तिथे दिसते.

अ‍ॅना थीसन यांचा जन्म १८९२ सालचा, रशियातला. लहानपणीच त्या कॅनडात आल्या, सॅस्कॅचेवानमधल्या हर्बर्टच्या बायबल शाळेत शिकल्या आणि १९१५ साली विनिपेगच्या शहर-मिशनात दाखल झाल्या. हे मिशन मेनोनाइट ब्रेदरन शाखेचं. शहराच्या उत्तर भागात, रेल्वेच्या रुळांपलीकडे, परदेशातून आलेल्या कामगारांची दाट वस्ती होती. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि १९१९ च्या मे-जूनमधला सहा आठवड्यांचा सार्वत्रिक संप, दोन्ही या शहराने झेललं. त्याच १९१९ साली कॅनडा सरकारने मेनोनाइटांना देशात यायला बंदी घातली. १९२२ साली ती उठली, पण येणाऱ्यांनी शेतीच करावी, शहरात गर्दी करू नये, या अपेक्षेवर.

येणारी माणसं क्रांती, यादवी, टायफस आणि दुष्काळातून आलेली. बहुतेकांकडे तिकिटाचे पैसेही नव्हते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने त्यांना उधारीवर आणलं. हे प्रवासकर्ज सगळ्या समाजाच्या डोक्यावर होतं आणि ते १९४६ सालच्या नोव्हेंबरात फिटलं. वीस-पंचवीस वर्षं एक अख्खा समाज हप्ते भरत होता. शेतीतून पहिली काही वर्षं रोकड हाती येत नाही: जमीन उधारीची, बियाणं उधारीचं, पीक आलं तर भाव पडलेला. दर महिन्याला रोख पैसा मिळेल असं एकच काम हाताशी होतं, विनिपेगच्या श्रीमंत घरांत मोलकरीण म्हणून राहणं. ते पुरुषाला मिळत नव्हतं, मुलीला मिळत होतं. ज्या समाजाने शहराला पाप म्हटलं त्याने अशा रीतीने कर्जाच्या हप्त्यासाठी सोळा-सतरा वर्षांच्या पोरी तिथे धाडल्या. यातल्या काहींच्या घरी रशियात असताना स्वतःच्या मोलकरणी होत्या, हा दैवाचा आणखी एक चिमटा.

या मुलींसाठी १९२५ साली अ‍ॅना थीसन यांच्या देखरेखीखाली ‘मेरी-मार्था होम’ उघडलं. पुढे ते माउंटन अ‍ॅव्हेन्यूवर होतं. नाव लूकच्या शुभवर्तमानातल्या दोघी बहिणींचं. मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकघरात राबते आणि कुरकुरते. मेनोनाइटांच्या दुसऱ्या शाखेचंही असंच घर विनिपेगमध्ये होतं, आणि व्हँकुव्हर, सास्काटून, टोरांटो इथेही अशी घरं निघाली. हॉस्टेल, कामाची पेढी आणि माहेर अशी तिहेरी जबाबदारी एका छपराखाली, आणि ती सांभाळायला एक बाई, फार तर हाताखाली एखादी.

या बाईचं काम टप्प्याटप्प्याने पाहिलं की ‘सेवा’ हा शब्द किती तोकडा आहे ते कळतं. आधी रेल्वे स्टेशन. गाडीतून उतरलेल्या मुलीला घरची प्लाउटडीच बोली येते, चर्चची जर्मन येते, इंग्रजी येत नाही. तिला तिथेच उतरवून घेतलं नाही, तर काम देतो म्हणणारं कुणीतरी दुसरं भेटू शकतं. मग शिकवणी. गावाकडे लाकडाची चूल, इथे गॅस किंवा विजेची शेगडी. टेलिफोन आला तर काय बोलायचं. जेवण डावीकडून वाढायचं, रिकामी ताटली उजवीकडून उचलायची. चांदी घासताना खडबडीत पूड वापरली तर ओरखडे उठतात आणि ते पगारातून कापले जातात. भाज्यांची, मांसाच्या तुकड्यांची, कपड्यांची इंग्रजी नावं. इस्त्री कशी करायची.

तिसरा टप्पा सर्वांत अवघड, नेमणूक. मालकिणींचे फोन यायचे, जर्मन मुली कष्टाळू आणि प्रामाणिक अशी ख्याती होती. फोनवर विचारून घ्यायच्या गोष्टी ठरलेल्या हव्यात: माणसं किती, मुलं किती वयाची, धुणं घरात की बाहेर, पगार किती आणि कुठल्या तारखेला, गुरुवारची अर्धी सुट्टी नक्की किती वाजता सुरू होते, झोपायची खोली कुठे आहे आणि तिच्या दाराला आतून कडी आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला धर्मभीरू बाईला संकोच वाटणार. पण तो गाळला तर त्याची किंमत मुलगी मोजते. घरमालकाचा किंवा त्याच्या मुलाचा त्रास हे या धंद्यातलं उघड गुपित होतं, आणि अशा घरांतून मुली काढून घेणं, तिथे पुन्हा कुणाला न पाठवणं, हे या होमच्या बायकांनी केलेलं सर्वांत मोलाचं काम.

इथेच गाडी अडायचीही. पेढी म्हणून होमची पत मालकिणींच्या समाधानावर आणि माहेर म्हणून तिची पत मुलींच्या विश्वासावर. मालकीण म्हणते मुलगी उद्धट आहे, मुलगी म्हणते रात्री अकरापर्यंत राबवतात. १९३० च्या मंदीत नोकऱ्या आटल्या तेव्हा वाईट घर यादीतून काढणं म्हणजे एक पगार बुडवणं, आणि त्या पगाराची वाट गावाकडे एक कुटुंब पाहत होतं. हा निर्णय रोज एकटीने घ्यायचा. त्यासाठी लागणारा अधिकार मात्र तिला कुणी लिहून दिलेला नव्हता. मुलीचा बाप रागावून पाळकाला पत्र लिही, पाळक समितीत विषय काढी, आणि समितीत असत ते पुरुष.

गुरुवार हा सगळ्या घरकामगार मुलींचा अर्ध्या सुट्टीचा दिवस. ट्रामने मुली होमवर जमत. जर्मन जेवण, गाणी, बायबलचा अभ्यास, पत्रलेखन, मनसोक्त बोलणं. दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत राहायला जागा, आजारपणात पलंग. या गुरुवारच्या मेळ्यांतून शहरात मेनोनाइट मंडळ्या रुजायला मोठी मदत झाली. आधी मुली आल्या, मागून भाऊ, मग आईबाप. ज्या शहराची भीती होती त्यात समाजाला घर मिळालं ते या दारातून. प्रवचनांनी ते झालं नसतं.

होमला फक्त गौरवायचं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तिथे पहारा होता. मुलगी कुणाबरोबर फिरते, केस कापले का, गुरुवारी आली नाही तर कुठे होती, हे विचारलं जाई. बाईच्या हाती सत्ता होती आणि ती तिने मंडळीच्या बाजूने वापरली. पण त्या सत्तेची जातही पाहा. मुलींवर लक्ष ठेवायला तिच्यावर पूर्ण विश्वास, आणि त्याच मुलींबद्दलचे नियम ठरवायला तिचं मत नको. मधल्या फळीतल्या बाईचं असंच होतं. शिव्या खालून येतात, हुकूम वरून.

आता पैसा. शहर-मिशनातल्या कामगारांना बहुतेक ठिकाणी पगार नसे. राहणं, जेवण आणि वरखर्चाला थोडी रक्कम. यावर ठरलेलं उत्तर येतं की पुरुषांनाही तेच मिळायचं, सगळेच गरिबीत राहायचे. खरं आहे, पण हे उत्तर अपुरं आहे. पुरुष बहुधा विवाहित असे, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही आपसूक कामाला येई. मंडळीला एका घरखर्चात दोन माणसं मिळत. तो पुढे पाळक, बिशप, बोर्डाचा सचिव होई. बिनलग्नाच्या बाईपुढे अशी शिडीच नव्हती.

म्हातारपणाचा प्रश्न तर आणखी अवघड केलेला. अमेरिकेतल्या मेनोनाइट चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयुर्विमा निषिद्ध मानला जाई. देवावर आणि मंडळीवर भरवसा असेल तर विमा कशाला, हा युक्तिवाद. तो ज्या गावात मुलगे-सुना, शेजार आणि सामायिक कोठार आहे तिथे चालतो. शहरात चाळीस वर्षं काढलेली बाई गावी परतते ती भावाच्या घरी, भावजयीच्या मर्जीवर. सरकारी आधार पाहावा तर १९३५ च्या अमेरिकन सामाजिक सुरक्षा कायद्यातून धर्मसंस्थांचे नोकर, घरकामगार आणि शेतकरी तिन्ही वगळलेले. म्हणजे मिशनातली बाई, तिच्याकडे येणारी मोलकरीण आणि गावाकडचा तिचा भाऊ, तिघंही बाहेर. कॅनडाच्या १९२७ च्या वृद्धापवेतनाला वयाची अट ७० वर्षांची, रक्कम महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर, आणि तीही आधी स्वतःची गरिबी सिद्ध करून.

याला पर्याय नव्हता असं म्हणता येत नाही, कारण मेनोनाइटांनीच एक पर्याय उभा केला होता. कॅन्सासमधल्या न्यूटन गावी ११ जून १९०८ रोजी फ्रीडा काउफमन, कॅथरीन वोथ आणि आयडा एप या तिघींना डीकनेस म्हणून दीक्षा मिळाली. जर्मनीतल्या मातृगृहांच्या धर्तीवरची ही रीत. सिस्टर पगार घेत नाही, लग्न करत नाही, ठरलेला पोशाख घालते. बदल्यात मातृगृह तिला रीतसर शिक्षण देतं, हातखर्च देतं आणि आजारपण-म्हातारपण शेवटपर्यंत सांभाळतं. मला हा करार कठोर वाटतो, आजच्या मुलीला मी तो सुचवणार नाही. पण तो करार तरी होता. दोन्ही बाजूंनी काय द्यायचं ते ठरलेलं होतं. शहर-मिशनातल्या बाईकडून डीकनेसइतकाच त्याग घेतला गेला आणि समोरची बाजू कोरी ठेवली गेली.

पदाची कथा तारखांतच सांगता येते. १५ जानेवारी १९११ रोजी फिलाडेल्फियाच्या फर्स्ट मेनोनाइट चर्चमध्ये अ‍ॅन अ‍ॅलेबाख यांना पाळकदीक्षा मिळाली. पाळकदीक्षा मिळालेल्या उत्तर अमेरिकेतल्या त्या पहिल्या मेनोनाइट स्त्री. न्यूयॉर्कमध्ये समाजकार्य करणाऱ्या. पण स्वतःची मेनोनाइट मंडळी त्यांना मिळाली नाही. पुढे त्यांनी पाळकपण केलं ते रिफॉर्म्ड पंथाच्या चर्चमध्ये, आणि १९१८ साली त्या वारल्या. त्यानंतर एमा सॉमर्स रिचर्ड्स यांना दीक्षा मिळाली ती इलिनॉयमधल्या लोम्बार्डला, जून १९७३ मध्ये. मध्ये ६२ वर्षं. मेनोनाइट ब्रेदरनांनी तर उलटा प्रवास केला. परदेशी पाठवायच्या काही बायकांना ते पूर्वी दीक्षा देत, १९५७ साली ठराव करून ते थांबवलं. बायका फक्त ‘नेमल्या’ जाव्यात, असं ठरलं.

दीक्षा नसल्याने अडतं काय, असं विचारणारे भेटतात. रोजच्या कामात अडतं. मरायला टेकलेल्या बाईला प्रभुभोजन द्यायचं तर तिला वीस वर्षं भेटणारी ‘बहीण’ ते देऊ शकत नाही, दुसरीकडून पाळक येईपर्यंत थांबायचं. बाप्तिस्म्याचा वर्ग तिने घ्यायचा, पाण्यापाशी दुसरा उभा राहणार. पुरुष नसेल त्या रविवारी ती बोलते, पण त्याला प्रवचन म्हणायचं नाही, अहवाल किंवा साक्ष म्हणायचं. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं स्त्रीने शिकवू नये हे वचन अशा वेळी पुढे येतं. मुलांना, मुलींना, मोलकरणींना आणि परदेशातल्या सावळ्या माणसांना तिने शिकवलं तर मात्र ते वचन कुणाला आठवत नाही.

पैशाच्या नाड्या हाती घ्यायचा प्रयत्नही झाला. शिकागो मिशनचे पहिले सुपरिंटेंडेंट एम. एस. स्टाइनर १९११ साली वारले. त्यांच्या पत्नी क्लारा एबी स्टाइनर यांनी गावोगावची शिवणमंडळं जोडून मेनोनाइट स्त्रियांची मिशन-संघटना उभारली. बायकांनी गोळा केलेला पैसा कुठे जावा हे बायकांनी ठरवावं, एवढीच मागणी. १९२० चं दशक संपता संपता ती संघटना पुरुषांच्या मिशन बोर्डाच्या पंखाखाली, खरं तर मुठीत, गेली. शिवण बायकांकडे राहिली.

पोशाखाबद्दल एक गोष्ट. डॅनियल कॉफमन यांच्या १८९८ च्या सिद्धान्त-पुस्तिकेने स्त्रीच्या प्रार्थनाटोपीला बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांच्या रांगेत सात विधींपैकी एक म्हणून बसवलं. गावात सगळ्याच बायका टोपी घालत, तिथे ती दिसायचीही नाही. शहरात तीच बाई लांबून ओळखू यायची. याचा फायदा होता. रात्री-अपरात्री वस्तीतून जाताना तो पोशाख ढालीसारखा उपयोगी पडे. तोटा असा की वस्तीतली जी बाई मंडळीत यायला तयार व्हायची तिला आधी कपडे, केस, दागिने सोडावे लागत, कधी लग्नाची अंगठीही. ख्रिस्त स्वीकारते पण गावाकडचा शिवणनमुना कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता. पुरुष मात्र साध्या कोटात गर्दीत मिसळून जाऊ शकत. जगापासून वेगळं दिसायची जबाबदारी बाईवर टाकण्यात हा पंथ एकटा नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

वर्णाची गोष्टही याच चालीची. रोवेना आणि जेम्स लार्क या आफ्रिकन-अमेरिकन दाम्पत्याने १९४० च्या दशकाच्या मध्यावर शिकागोत काम उभं केलं. जेम्स यांना १९४६ साली पाळकदीक्षा आणि १९५४ साली बिशपपद मिळालं. अशा ठिकाणी पोचलेले ते त्या चर्चमधले पहिले कृष्णवर्णीय, आणि ती मोठी गोष्ट होती. उन्हाळी बायबल शाळांमधून मुलं आणि त्यांच्यामागून घरं जोडणाऱ्या रोवेना यांचा उल्लेख होतो तो शिक्षिका आणि पत्नी म्हणून.

या साखळीचं एक टोक आपल्याकडेही येतं. शिकागो मिशनात काम केलेल्या लीना झूक पुढे धमतरीला आल्या आणि तिथल्या मिशनचे संस्थापक जे. ए. रेस्लर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १८९९ साली सुरू झालेलं हे मिशन तेव्हाच्या मध्य प्रांतातलं, ज्याचा कारभार नागपूरहून चाले. १८९६-९७ च्या ज्या दुष्काळात मेनोनाइटांनी अमेरिकेतून धान्य पाठवलं, त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या होत्या. आपल्याकडच्या मिशनांतही घराघरांत शिरण्याचं काम ‘बायबल बायका’ आणि ‘मिससाहेब’ करत, आणि मंडळ्यांच्या इतिहासांत पानं मिळाली ती पाळकांना.

आपल्या भाषेत तर या युक्तीला खास शब्दच आहे: मानधन. पगार म्हटलं की किमान वेतन, रजा, निवृत्ती हे प्रश्न मागोमाग येतात. मानधन म्हटलं की मान आधीच दिलेला असतो, धनाचं नंतर बघू. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ उजाडावं लागलं. विनिपेगचं होम आणि आपली अंगणवाडी यांत अंतर कितीही असो, हिशेबाचा कोरा कागद सारखाच.

सर्वांत गंभीर आक्षेप त्या बायकांच्याच बाजूने येतो. त्या स्वखुशीने आल्या, त्यांनी पैसा मागितला नाही, आज आपण त्यांच्या वतीने रडणं हा त्यांच्या श्रद्धेचा अपमान. यात तथ्य आहे. भावाच्या शेतावर आत्या म्हणून जन्म काढण्यापेक्षा शहरातलं मिशन हे स्वातंत्र्य होतं. स्वतःची खोली, स्वतःचं काम, लोकांत वजन. एमा ओयर यांनी १९४९ साली शिकागो मिशनचा अर्धशतकी इतिहास लिहिला, अ‍ॅना थीसन यांनी १९५५ साली विनिपेगच्या शहर-मिशनाचा इतिहास जर्मनमध्ये लिहिला. हे काही दबलेल्या बायकांचं लक्षण नाही. पण मागितलं नाही म्हणून देणं लागत नाही, असा नियम मंडळी स्वतःच्या कर्जाला लावत नव्हती. रेल्वेचं देणं तिने फेडलं, प्रत्येक कुटुंबाच्या नावाने वही ठेवून. तशी एक वही या बायकांच्या नावानेही ठेवता आली असती.

ती वही आज ठेवायची तर काय लिहायचं, हे फार अवघड नाही. ‘सेवेकरी’ म्हणून कुणालाही ठेवणाऱ्या मंडळीने, आश्रमाने, संस्थेने पहिल्या दिवशी एका कागदावर सांगावं: कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी, कारण एकटी बाई राहत्या जागीच काम करते तेव्हा काम रात्री संपत नाही. दरमहा रक्कम, आणि जेवण-खोलीची किंमत त्यात धरली आहे की नाही. तिच्या नावाने भविष्यनिधीत किती भरणार. ज्या कामाचे निर्णय तिच्याकडून अपेक्षित आहेत त्या कामाच्या समितीत तिला मत आहे का. तक्रार आली तर ती कुणापुढे, आणि त्या टेबलाशी बाई असेल का. शेवटी, काम बंद पडलं तर तिचं काय. हे शेवटचं कलम लोक विसरतात, कारण सुरुवातीच्या उत्साहात कुणाला बंद पडण्याचं सुचत नाही.

मेरी-मार्था होम १९५९ साली बंद झालं. गुरुवारच्या मुली तोवर परिचारिका, शिक्षिका, टायपिस्ट झाल्या होत्या, राहत्या मोलकरणींचा जमाना सरला होता. इमारतीचं काय करायचं हे ठरवायला समिती होती. अ‍ॅना थीसन त्या वर्षी पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. कॅनडात जानेवारी १९५२ पासून सर्वांना मिळू लागलेलं वृद्धापवेतन तेव्हा सत्तर पूर्ण झाल्यावर सुरू होत असे.